‘जानेवारीपासून नक्की सुरू करतो’ : सातपूरच्या भाऊंच्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत लिहिते म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. वय ४३, सातपूर एमआयडीसीत सुपरवायझर, शिफ्ट ड्युटी, उंची पाच फूट सात, वजन ८४. कंपनीच्या चेकअपमध्ये एचबीएवनसी (शुगरची रक्ततपासणी) ६.१, ट्रायग्लिसराईड (रक्तातली चरबी) २४०, सोनोग्राफीत ग्रेड वन फॅटी लिव्हर, म्हणजे लिव्हरमध्ये चरबी साठायला लागलीये. दिवसाला तीन-चार सिगारेट. तिथले डॉक्टर म्हणाले गोळी नको, लाइफस्टाइल बदला. आणि तुमचं म्हणणं असं की दिवाळी तोंडावर आलीये, नोव्हेंबरात मेव्हण्याचं लग्न, तेव्हा जानेवारीपासून एकदम नीट सुरू करतो, दोन-तीन महिन्यांनी असा काय फरक पडणारे? शिवाय आई ६८ वर्षांची आहे, तिला या वयात सांगून काही उपयोग आहे का.

मी फिजिशियन आहे, सिडकोत बावीस वर्षं दवाखाना चालवते, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून दोन-चारदा तरी ऐकते. खरं सांगू का, नुसत्या दोन-तीन महिन्यांनी आभाळ कोसळत नाही. पण ते दोन-तीन महिने कधी दोन-तीन महिन्यांत संपत नाहीत ना भाऊ. जानेवारीत संक्रांत आणि हुरडा पार्ट्या, मग मार्च एंडचं टार्गेट, एप्रिल-मे लग्नसराई आणि आंबे, पावसात कोण फिरायला जाणार, श्रावणात उपवास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, मग गणपती, नवरात्र, की आली परत दिवाळी. त्यात २०२७ चा सिंहस्थ आहेच, तेव्हा अर्ध्या महाराष्ट्रातले पाहुणे तुमच्याच घरी उतरणार.

आणि नाशकात राहून १ जानेवारीला मॉर्निंग वॉक सुरू करायचा हे तर मला कधीच कळलेलं नाही. वर्षातली सगळ्यात कडाक्याची थंडी, निफाडचा पारा रोज पेपरात छापून येतो, तेव्हा हा माणूस पाच वाजता गोधडीतून बाहेर येणार म्हणे! गोल्फ क्लब मैदानावर जानेवारीचा पहिला आठवडा बघा आणि तिसरा आठवडा बघा. त्यापेक्षा आत्ताची हवा बघा ना, ऑक्टोबरची दुपार सोडली तर चालायला याच्यासारखे दिवस नाहीत.

आता मुद्द्याचं. निफाडकडचे एक द्राक्ष बागाईतदार माझ्याकडे यायचे, नाव सांगत नाही. पहिल्यांदा आले तेव्हा त्यांचं एचबीएवनसी ६.२ होतं, म्हणजे जवळपास तुमच्याएवढंच. म्हणाले मॅडम ऑक्टोबर छाटणी उरकू द्या. मग विरळणी, मग फवारण्या, मग माल निघू द्या, व्यापाऱ्याचे पैसे येऊ द्या, मग एप्रिलची खरड छाटणी. बागेला रिकामा महिना नसतोच. तीन वर्षांनी पायाची जखम भरत नाही म्हणून आले तेव्हा ८.४. मला म्हणाले तुम्ही तेव्हा गोळी दिली असती तर? मी म्हटलं काका तुमच्याच भाषेत सांगते. घड कधी तयार होतो? ऑक्टोबरात दिसतो, पण तयार होतो एप्रिलच्या छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांत, काडीच्या डोळ्यात म्हणजे कोंबात, नुसत्या नजरेला न दिसणारा. तेव्हा बागेकडे दुर्लक्ष झालं की ऑक्टोबरात कितीही महागडं औषध फवारा, जो घड आत तयारच झाला नाही तो बाहेर येत नाही. ते बराच वेळ गप्प बसले. त्यांचा एप्रिल निघून गेला होता. भाऊ, तुमचा अजून चालू आहे.

हे नुसतं उदाहरण म्हणून नाही सांगत, आत शरीरात साधारण असंच चाललेलं असतं. पोटाभोवती आणि लिव्हरमध्ये चरबी साठली की इन्सुलिनचं काम नीट होत नाही, मग स्वादुपिंड जास्त इन्सुलिन बनवून ती कसर भरून काढतं. म्हणजे डबल शिफ्ट मारतं म्हणा. जोवर ते ओढतंय तोवर रिपोर्ट नॉर्मल येतो, थकायला लागलं की ५.७ च्या वर जातो आणि ६.५ ला आपण त्याला डायबेटिस म्हणतो. इंग्लंडमध्ये युकेपीडीएस नावाचा मोठा अभ्यास झाला, १९७७ ते १९९७ असा वीस वर्षं चालला, त्यात दिसलं की डायबेटिसचं निदान होतं त्या दिवशीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची निम्म्याच्या आसपास ताकद आधीच गेलेली असते. ६.१ ला तुम्ही त्या उताराच्या वरच्या टोकाला आहात. इथून चढून परत यायला थोडे कष्ट लागतात, खालून यायला पुष्कळ.

किती थोडे ते ऐका. २००२ साली अमेरिकेत तुमच्यासारख्याच बॉर्डरवरच्या लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, आठवड्याला १५० मिनिटं चालणं आणि वजन ७ टक्के कमी एवढंच टार्गेट, आणि डायबेटिस होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी. गोळीवाल्या गटात ३१ टक्के. तुमच्या ८४ किलोचे ७ टक्के म्हणजे सहा किलो सुद्धा होत नाहीत. आता याच्या शेजारी दुसरा अभ्यास ठेवा, २०१७ चा, ब्रिटनमधला. तिथे डायबेटिस झालेल्या लोकांची शुगर गोळ्यांशिवाय परत नॉर्मलला आणायची होती. जमलं, जवळपास निम्म्या लोकांना जमलं, पण त्यासाठी तीन ते पाच महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरीच्या सूप-शेकवर राहावं लागलं आणि ज्यांनी पंधरा किलो किंवा जास्त वजन उतरवलं त्यांच्यात यश सगळ्यात जास्त. आज सहा किलोत भागतंय ते उद्या पंधरा किलोवर जातं, हिशोब तुम्ही करा, प्रोडक्शनवाले आहात.

कोणी म्हणेल हे गोऱ्या लोकांचं झालं. आपल्याकडे चेन्नईतही असा अभ्यास झाला, २००६ ला आला, तिथे फायदा कमी दिसला, २८.५ टक्के. मी तो आकडा लपवणार नाही, आपल्या लोकांत कमी वजनातही डायबेटिस होतो आणि लवकर होतो. पण त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे त्या लोकांचं वजन फारसं उतरलंच नव्हतं, तरी फायदा झाला. त्यामुळे ‘महिनाभर चाललो, काटा हललाच नाही, सोडून दिलं’ असं म्हणणाऱ्या माझ्या निम्म्या पेशंटना मी हेच सांगते की काटा हलला नाही म्हणजे आत काही हललं नाही असं नसतं. आणि चीनमध्ये दाचिंग शहरात १९८६ ला असाच प्रयोग सुरू झाला, सहा वर्षं खाणंपिणं आणि व्यायाम बदलून घेतला, आणि सुरुवातीपासून तीस वर्षं त्या लोकांचा माग ठेवला. डायबेटिस सरासरी चार वर्षं लांबला, हार्टचे त्रास आणि त्यातून होणारे मृत्यूही कमी. सहा वर्षांच्या कष्टांचं व्याज तीस वर्षं मिळालं. २०२३ ला देशभराचा सर्व्हे आला त्यात बॉर्डरवरचे १३.६ कोटी आणि डायबेटिसवाले १०.१ कोटी निघाले, म्हणजे तुम्ही एकटे नाही, पण म्हणून रांगेत पुढे सरकायची घाई नको.

आता ती रिपोर्टची गंमत सांगते जी लोकांच्या लक्षात येत नाही. एचबीएवनसी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी, कारण रक्तातली लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यावर साखर चिकटत राहते. म्हणजे आज सुरू केलंत तर जानेवारीचा रिपोर्ट तुमच्या बाजूने बोलेल. जानेवारीत सुरू केलंत तर जानेवारीचा रिपोर्ट दिवाळीचा फराळ आणि मेव्हण्याचं लग्न दाखवणार, आणि तुमचे कष्ट दिसायला एप्रिल उजाडणार. (बरं, हिमोग्लोबिनही तपासून घ्या. लोह कमी असेल तर एचबीएवनसी थोडं खोटं वाढून येतं, हे चेकअप कॅम्पात कोणी सांगत नाही.)

आणि फायदा फक्त रिपोर्टपुरता म्हणाल तर तोही नाही. जेवणानंतर पंधरा मिनिटं चाललात तर त्याच जेवणाची साखर कमी चढते, त्याच दिवशी. चालणारा स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न बघता रक्तातली साखर आत ओढून घेतो. हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो आणि मग ओसरतो, म्हणून रविवारी पांडवलेणीला दोनदा चढून आठवड्याचा कोटा भरत नाही, रोज थोडं लागतं. लिव्हरमधली चरबी खाणं आवरल्यावर सगळ्यात आधी हलते, काही आठवड्यांतच. ट्रायग्लिसराईड तर एवढं चंचल आहे की साखर, मैदा आणि दारू आवरली की महिन्या-दीड महिन्यात उतरलेलं दिसतं. झोप आणि ॲसिडिटी आधी सुधारते हा माझ्या पेशंटांचा अनुभव, कशामुळे तर रात्रीचं जेवण अलीकडे आलं म्हणून.

सुरू काय करायचं? माझं ऐकाल तर जिमची वर्षाची फी भरू नका, ते मिक्सर, ते चिया सीड्स, काही नको. पहिल्या पंधरा दिवसांत खाण्यापिण्यातल्या दोनच गोष्टी.

पहिली चहा. कंपनीत पाच कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे दहा चमचे साखर, एका चमच्यात चार-पाच ग्रॅम. महिन्याला सव्वा ते दीड किलो साखर नुसत्या चहातून! चहा सोडा म्हणत नाही, मी स्वतः सोडू शकले नाही. पाचाचे तीन करा आणि साखर अर्धी, मग पाव. पंधरा दिवसांत जिभेला सवय होते, नंतर टपरीवरचा चहा तुम्हालाच पाकासारखा लागेल.

दुसरी म्हणजे रात्रीच्या जेवणाची वेळ, कारण सेकंड शिफ्ट करून साडेअकराला घरी, बारा वाजता चार पोळ्या-भाजी-भात आणि लगेच अंथरूण, फॅटी लिव्हरचे माझे निम्मे पेशंट असेच आहेत. त्या शिफ्टला मुख्य जेवण कॅन्टीनच्या ब्रेकमध्येच घ्या, घरून डबा न्या, आधी कोशिंबीर आणि उसळ मग पोळी असा क्रम ठेवा, क्रम बदलला तरी साखर कमी चढते. घरी आल्यावर भूक असेल तर ताक किंवा एखादं उकडलेलं अंडं. बायको जागी राहून गरम पोळ्या करते, तिला नाही म्हणणं अवघड जातं हे मला माहितेय, पण तिचीही झोप होईल ना.

झोपेचं म्हटलं तर शिकागोत १९९९ ला अकरा तरुण धडधाकट मुलांना सहा रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं, तेवढ्यातच त्यांचं शरीर साखर हाताळण्यात मागे पडलं. शिफ्ट तुमच्या हातात नाही, पण नाइटहून आल्यावर खोली काळोखी करून मोबाईल बाहेर ठेवणं हातात आहे.

मिसळीचं विचारणारच तुम्ही. नाशिककराला मिसळ बंद सांगणारा डॉक्टर टिकत नाही! रविवारची मिसळ खा, पण मटकी जास्त मागा, फरसाण मूठभर, पाव दोनाच्या जागी एक, तर्री वरून दुसऱ्यांदा घेऊ नका, आणि नंतरची जिलेबी चौघांत एक प्लेट. हॉटेल गंगापूर रोडच्या पुढे असेल तर गाडी लांब लावून चालत जा, तेवढंच. दिवाळीतही तेच, चकली-चिवडा-लाडू फराळ म्हणून खा, जेवण म्हणून जेवण, दोन्ही एकावर एक नको. आणि त्या चार दिवसांत घसरलात तरी ठीक आहे. लंडनमध्ये २०१० ला सवयी कशा लागतात यावर एक अभ्यास झाला, सवय अंगवळणी पडायला साधारणपणे ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४, पण मध्ये एखादा दिवस चुकल्याने काही बिघडलं नाही. म्हणून ‘मध्ये दिवाळीचा खंड पडेल म्हणून आत्ता सुरूच करत नाही’ हे कारण मी मान्य करत नाही, उलट आज सुरू केलं तर दिवाळीपर्यंत पाय तरी वळलेला असेल.

एकदम मोठं काही करू नका हेही तितकंच महत्त्वाचं. वर्षभर सोफ्यावर आणि श्रावणाच्या तिसऱ्या सोमवारी थेट ब्रह्मगिरीची फेरी, वीसेक किलोमीटर अनवाणी, आणि मंगळवारी गुडघा धरून माझ्या दवाखान्यात, असे लोक दरवर्षी येतात. पहिल्या आठवड्यात जेवणानंतर दहा मिनिटं पुरे. चालताना छातीत दडपण, जबड्यात-डाव्या हातात कळ, नेहमीपेक्षा जास्त दम, असं काही झालं तर थांबा आणि आधी ईसीजी, स्ट्रेस टेस्ट वगैरे डॉक्टर सांगतील ते करून घ्या. घरात कोणाला लवकर हार्टचा त्रास झालेला असेल तर हे सुरुवातीलाच डॉक्टरांना सांगा.

सिगारेटचा तुम्ही ओझरता उल्लेख केलात, तीन-चारच म्हणून. ‘च’ काढून टाका. दिवसाला एक सिगारेट ओढणाऱ्याला हार्टचा जो जादा धोका असतो तो वीस ओढणाऱ्याच्या विसावा हिस्सा नसतो, जवळपास निम्मा असतो. त्यामुळे कमी केली यावर समाधान मानू नका, इथे शून्यालाच किंमत आहे. ब्रिटनमधल्या डॉक्टरांवर १९५१ पासून पन्नास वर्षं चाललेला अभ्यास आहे, आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य साधारण दहा वर्षांनी कमी, पण तिशीत सोडली तर ती दहाही वाचतात, चाळिशीत सोडली तर नऊ, पन्नाशीत सहा, साठीत तीन. तुम्ही ४३ चे. चाळिशी ते पन्नाशी या दहा वर्षांत नवाचे सहा होतात, म्हणजे उशीर केलेल्या प्रत्येक वर्षाला साधारण चार महिने कापले जातात. यापेक्षा स्पष्ट हिशोब मला तरी दुसरा माहीत नाही. एकट्याने जमत नसेल तर पाकिटावर छापलेला १८००-११-२३५६ हा नंबर फुकट आहे, निकोटीनची गोळी-च्युइंगगमही मिळतं, त्यात कमीपणा काही नाही.

आता आई. ६८ म्हणजे काही म्हातारपण नाही, आणि उपयोग आहे का विचाराल तर कदाचित तुमच्यापेक्षा जास्त. १९९० मध्ये अमेरिकेत वृद्धाश्रमातल्या सरासरी नव्वदीच्या दहा जणांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम दिला, त्यांच्या पायातली ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! आपल्याकडे साठी ओलांडली की बाईला ‘आता आराम कर’ म्हणून खुर्चीत बसवतात आणि मग ती खुर्चीतून उठताना हाताचा आधार घ्यायला लागते, तो आराम तिला पडायला लावतो. याची उलट बाजूही बघा, डॅलसमध्ये १९६६ ला विशीतल्या पाच मुलांना तीन आठवडे नुसतं अंथरुणावर झोपवलं, त्यात त्यांचा जेवढा दम गेला तेवढा पुढच्या तीस वर्षांत वय वाढूनही गेला नाही. नंतर पन्नाशीत त्यांच्याकडून सहा महिने हळूहळू व्यायाम करून घेतला तेव्हा तो वयाने गेलेला दम परत आला.

आईंना सांगा, भिंतीला टेकवलेली खुर्ची, हात छातीवर, उठायचं-बसायचं, पाच वेळा, दिवसातून तीनदा, जमलं की दहा. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. जेवणात रोज वाटीभर डाळ किंवा उसळ आणि दही असायलाच हवं, या वयाच्या बायका सगळ्यांना वाढून स्वतः आमटीचं पाणी आणि पोळी खातात, ते बघा जरा. त्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या चालू असतील तर मनाने बंद नका करू, व्यायामाने शुगर खाली आली तर डोस कमी करायचं काम डॉक्टरांचं.

ते निफाडचे काका आता दोन गोळ्या घेतात, शुगर आटोक्यात आहे, पायाची जखम भरली, बागेत सकाळी चालत जातात, पिकअप घरीच ठेवतात. म्हणजे उशिरा सुरू करूनही मिळालंच त्यांना, पण डोळ्यांची तपासणी दरवर्षी, पायाची दर वेळी, आणि गोळ्यांचं पाकीट कायमचं खिशात.

तुम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एचबीएवनसी, लिपिड (रक्तातल्या चरबीची तपासणी), एसजीपीटी (लिव्हरची तपासणी) आणि हिमोग्लोबिन परत करा, कमरेचं माप नाभीच्या लेव्हलला टेपने घ्या, पँटचा नंबर धरू नका, आपल्या पुरुषांना ९० सेंटीमीटरच्या आत हवं. आणि थर्टी फर्स्टच्या पार्टीनंतर दुसऱ्याच दिवशी लॅबमध्ये जाऊ नका, ट्रायग्लिसराईड आकाशाला भिडलेलं दिसेल आणि उगाच तीन महिन्यांच्या कष्टांवरचा विश्वास उडेल, मधे आठवडाभर जाऊ द्या आणि सकाळी उपाशीपोटी द्या.